कोण कोणाला म्हणतं

आमच्या लॅबमध्ये सकाळी सात ते दहा उपाशीपोटी आलेले पेशंट असतात, आणि सकाळचा चहा न मिळालेला पुणेकर काय असतो हे मी वेगळं सांगायला नको. सदाशिव पेठेत मी तीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ मिटायला सांगायची, शीर चाचपायची, "आता थोडंसं टोचेल हं" म्हणायचं आणि टोचायचं. या कामात तीन वाक्यांपलीकडे बोलायची गरज नसते. मी बोलते.

परवा एक गृहस्थ आले. "काही खाल्लंय का?" असं विचारलं.

"छे, छे. फक्त चहा. आणि चहाबरोबर एक खारी."

"एकच? मग कडकडीत उपासच म्हणायचा. असं करा, उद्या या. उद्या खारीसुद्धा उपाशी ठेवा."

गृहस्थ उठले. चपला घालता घालता आमच्या डॉक्टर मॅडमना म्हणाले, "तुमच्या या बाई फार खवचट आहेत हो," आणि हसत जिना उतरले. दुसऱ्या दिवशी खरोखरच उपाशी आले.

डॉक्टर मॅडम केरळच्या. लॅब त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतली, तेव्हापासून मराठी शिकतात. शिकतात म्हणजे हौसेने नाही, रिपोर्ट तपासावेत तशा शिकतात. त्यांची एक वही आहे. तिच्यात चार रकाने आखलेले: शब्द, अर्थ, कोण कोणाला म्हणतं, आणि वाक्यात उपयोग. तिसरा रकाना त्यांनी नंतर वाढवला. सुरुवातीला एका पेशंट आजोबांना त्या अत्यंत आदराने "बसा ना, म्हातारे" म्हणाल्या होत्या. शब्दकोशात अर्थ बरोबर होता. आजोबा मात्र पुढच्या तपासणीला दुसरीकडे गेले.

गृहस्थ गेल्यावर मॅडमनी वही उघडली. "ताई, खवचट. अर्थ?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "मुद्दाम बोचेल असं बोलणारा."

"म्हणजे वाईट माणूस."

"अहो नाही! वाईट कसला? त्याला डोकं लागतं. नुसता चिडचिडा असतो तो तिरसट, त्याला काय, पित्त झालं की पुरतं. पोटातलं जळून बोलतो तो कुजकट. खवचट माणूस कसा, हसत हसत चिमटा काढतो, आणि ज्याला काढला तोही हसतो."

"तोही हसतो," मॅडमनी लिहून घेतलं. "कोण कोणाला म्हणतं?"

"लोक मला म्हणतात. मीही मला म्हणते."

"स्वतःला?"

"हो. कौतुकाने."

त्यांनी तिसऱ्या रकान्यात 'स्वतःला, कौतुकाने' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला ते प्रश्नचिन्ह आवडलं नाही. मग 'वाक्यात उपयोग' म्हणून मी माझं ठेवणीतलं उदाहरण काढलं. हे उदाहरण मी बावीस वर्षं सांगते आहे. लग्नात, केळवणात, भिशीत, जिथे चार माणसं बसली असतील तिथे. आजवर ते कधी फुकट गेलेलं नाही.

पण ते कळायला आधी आमचं घर सांगायला हवं.

मी खडकीची. वडील एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते, आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. तिथे काय बनतं हे पप्पांनी घरी कधीच सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "गोल वस्तू." शाळेत 'माझे वडील' या निबंधात मी तेच लिहिलं होतं, 'माझे वडील गोल वस्तू बनवतात', आणि दहापैकी सात गुण मिळाले होते. त्यांच्या मशीनचा नंबर सोळा. घरी बोलताना ते तिला 'ती' म्हणायचे. "आज सोळा नंबरची तब्येत बरी नव्हती." आई म्हणायची, "माझी कधी विचारली नाही ती!"

शेजारच्या पंधरा नंबरवर पप्पांचे दोस्त होते. आम्ही त्यांना पंधरा नंबरचे काका म्हणायचो. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. खडकीला येण्याआधी, पोरवयात, कुठल्याशा गावाकडच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. रविवारी विहारातली वंदना झाली की ते आमच्याकडे चहाला यायचे आणि त्या तीन बोटांच्या चिमटीत धरून मला लिमलेटची गोळी द्यायचे. तीन बोटांची गोळी जास्त गोड लागते असं ते म्हणायचे आणि मला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं.

आमच्या घरात शिवी, चुगली आणि टोमणा या तिन्हींना बंदी होती. बोलणं चांगलं ठेवावं हे पप्पांना धर्माने शिकवलेलं, आणि ते ते पाळायचे. पहिल्या दोन गोष्टी आई अधूनमधून उरकून घ्यायची. टोमणा मात्र कोणालाच येत नव्हता.

तो मी शिकले सदाशिव पेठेत. अठराव्या वर्षी लॅबचा डिप्लोमा करायला तिथल्या एका संस्थेत जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात वर्गातली एक जण गोड हसून म्हणाली, "किती स्वच्छ बोलतेस गं तू! वाटतच नाही."

"काय वाटत नाही?"

"छे, तसं काही नाही."

ते 'तसं काही नाही' म्हणजे काय होतं हे कळायला मला पंधरा दिवस लागले. कळल्यावर मी रडले नाही. माझा संताप संताप झाला. रडून यांना काही कळणार नाही, यांच्याच भाषेत बोलायला हवं, हे मी ठरवून टाकलं आणि अभ्यासाला बसल्यासारखी ती भाषा शिकले. दोन महिन्यांनी डबा खाताना तीच मुलगी म्हणाली, "तुमच्याकडे मटण रोज असतं का गं?"

मी म्हटलं, "रोज कुठलं? तुमच्या आमटीत ज्या दिवशी डाळ सापडते ना, त्याच दिवशी आमच्याकडे मटण."

सगळ्या जणी खो खो हसल्या. तीही हसली. त्या दिवसापासून मला डब्याला हाक मारू लागल्या. "खवचट आहेस हं!" हे त्या पेठेत मला मिळालेलं पहिलं शाबासकीचं वाक्य. मला ते इतकं आवडलं की मी ते घरी घेऊन आले. आई म्हणायची, "जीभ आहे का सुई?" पुढे मला रक्त काढायची नोकरी लागली तेव्हा म्हणाली, "बरं झालं. आता दोन्ही एकाच पगारात."

तर ते उदाहरण.

पप्पा निवृत्त होणार होते. त्यांच्या कारखान्यात निवृत्त होणाऱ्या माणसाचा निरोप समारंभ व्हायचा. घरच्यांना बोलवायचे, हार, फेटा, नारळ, मग त्याने माइकवर 'दोन शब्द' बोलायचे, आणि शेवटी उघड्या जीपमधून बँड लावून क्वार्टर्सपर्यंत वरात. पप्पा दोन शब्दांसाठी महिनाभर खपत होते. वहीचा कागद, निळं पेन, पुन्हा नवा कागद. समारंभाच्या आधीच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. आई, मी, माझा नवरा. चष्मा लावून उभे राहिले, घसा खाकरला, आणि वाचायला लागले.

"आदरणीय साहेब, माझे सहकारी आणि उपस्थित बंधु-भगिनींनो. सर्वप्रथम मी माझ्या सोळा नंबर मशीनचे मनापासून आभार मानतो."

इथे ते श्वास घ्यायला थांबले.

मी म्हटलं, "आणि आता सोळा नंबरला विनंती, की तिनेही दोन शब्द बोलावेत."

काय हसलो आम्ही! नवऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडला. आईने तोंडाला पदर लावला. पप्पाही हसले. मग त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला, जेवून घेऊ."

समारंभात त्यांनी तो कागद काढलाच नाही. फेटा बांधलेले पप्पा माइकसमोर गेले, म्हणाले, "सगळ्यांचे आभार. काही चुकलं असेल तर माफ करा," आणि खाली बसले. साहेब खूश झाले, कारण कार्यक्रम वेळेत संपला. मला तर वाटलं, भाषण माझ्यामुळेच आटोपशीर झालं. तसं मी जीपमध्ये नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

हे सगळं मी डॉक्टर मॅडमना सांगितलं. 'दोन शब्द बोलावेत'ला नेहमीसारखी थांबले, हसायला जागा ठेवून.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं पेन वर तसंच राहिलं होतं. त्यांनी विचारलं, "मग मशीनबद्दल पुढे काय लिहिलं होतं त्यांनी?"

"कुठे?"

"त्या कागदावर. सर्वप्रथम मशीनचे आभार. पण का?"

मी म्हटलं, "ते काही वाचलं नाही त्यांनी."

"हो. पण तुम्ही विचारलं असेल ना, नंतर."

तेवढ्यात एक पेशंट आला, बरं झालं. मी पट्टा बांधायला उठले. मॅडमनी अर्थाचा रकाना खोडला आणि कोराच ठेवला, हे मला तिथूनही दिसलं.

त्या दुपारी स्कूटरवरून धायरीला घरी येताना सिंहगड रोडला नेहमीप्रमाणे सगळं ठप्प होतं. विचार करायचा नसला तर तो रस्ता फार वाईट. बावीस वर्षांत ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, आणि एकानेही विचारलं नव्हतं. त्यांना दोष काय द्यायचा? मी गोष्ट अशी सांगायचे की ती 'दोन शब्दां'पाशी संपायची. पप्पांचं भाषणही मी तिथेच संपवलं होतं.

आणि एक गोष्ट मी त्या गोष्टीत कधीच घालत नसे, ती आता सांगून टाकते. समारंभाला माझ्या लॅबमधल्या दोघी जणी येणार होत्या. पेठेतल्या. मीच बोलावलं होतं, हौसेने. पप्पा त्यांच्यासमोर माइकवर उभे राहून एका मशीनचे आभार मानणार, या विचाराने त्या रविवारी मी आधीच ओशाळले होते. मला ते भाषण नको होतं. सरळ 'हे वाचू नका' म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून विनोद केला. तो सहज तोंडातून गेला नव्हता. कुठे लागेल ते चाचपून, शीर शोधावी तशी शोधून, मी तो केला होता.

घरी आले. पप्पा माझ्याकडेच असतात, आई गेल्यापासून. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. विचारू विचारू म्हणता तीन दिवस गेले. खारी खाणाऱ्या परक्या माणसाला मी तोंडावर काय वाटेल ते बोलते, आणि इथे माझी जीभ उचलेना.

दर तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, मी पप्पांचं साखरेसाठी रक्त घरीच काढते. ते गॅलरीतल्या खुर्चीत बसतात आणि मी विचारायच्या आतच बाही वर करतात. आता शिरा बारीक झाल्या आहेत, पटकन सापडत नाहीत. पट्टा बांधला, मूठ मिटायला लावली, चाचपलं, म्हटलं, "आता थोडंसं टोचेल हं."

"हं," पप्पा म्हणाले.

रक्त नळीत यायला लागलं तेव्हा मी विचारलं, कारण तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. "पप्पा, भाषणाच्या वेळी मी मशीनवरून बोलले होते, ते तुम्हाला लागलं होतं का?"

कुठलं भाषण, असं त्यांनी विचारलं नाही. बावीस वर्षं झाली, आणि त्यांनी विचारलं नाही.

"सुई टोचताना तू सगळ्यांना आधी सांगतेस, टोचेल म्हणून," ते म्हणाले. "त्या दिवशी सांगितलं नव्हतंस."

यात खवचटपणा नव्हता. त्यांना तो येत नाही. जे झालं होतं ते त्यांनी सांगितलं. मी सुई काढली, कापूस दाबला, त्यांचा हात कोपरातून दुमडला.

"पुढे काय होतं त्या कागदावर?"

"पुढे पंधरा नंबर होता."

"मशीन?"

"माणूस. तुझे काका." पप्पांनी दुसऱ्या हाताने कापूस धरला. "मी नोकरीला लागलो तेव्हा लेथवर कसं उभं राहायचं तेही मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने शेजारून आपला उजवा हात वर केला. ती तीन बोटं. म्हणाला, हे बघ आणि बाही दुमड, अंगठी काढ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो रिवाजच झाला. सकाळी मशीन चालू करायच्या आधी तो तीन बोटं दाखवणार, मी दहा दाखवणार. सुट्टीचा भोंगा झाला की पुन्हा. चौतीस वर्षं. एक दिवस चुकला नाही. मी लिहिलं होतं, सोळा नंबरने माझं एकही बोट घेतलं नाही, म्हणून तिचे आभार. पण ते श्रेय तिचं नाही, पंधरा नंबरचं आहे. मग त्याचं नाव घेणार होतो. तो उभा राहणार, हात वर करणार, मी दहा दाखवणार. बस, एवढंच होतं."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हे हात मी दर तीन महिन्यांनी धरते, आणि मला त्यात फक्त शिरा दिसत आल्या होत्या.

"मग बोलला का नाहीत? माझं काय ऐकायचं होतं!"

"मशीन म्हटल्यावर लोक हसणार, हे कळलं ना तुझ्यामुळे. मला हसले असते तर हसू दिलं असतं गं. पण त्यानंतर लगेच त्याला उभं करायचं होतं. लोक हसत असताना त्याला तो हात वर करायला कसा सांगू?"

"काकांना माहीत होतं?"

"आधी सांगून ठेवलं होतं. नवा शर्ट घालून आला होता. पहिल्या रांगेत, कडेला बसला होता. मी खाली बसलो तरी तो तसाच, खुर्चीच्या टोकावर."

मला काका आठवले, जीप निघाली तेव्हा बँडच्या मागे उभे असलेले. त्यानंतर त्यांचं रविवारचं येणं कमी झालं आणि मग थांबलं. वय झालं असेल, असं मी म्हटल्याचं मला आठवतं. आई जायच्या दोन वर्षं आधी ते गेले.

"त्यांना नंतर तरी सांगायचं खरं कारण."

"काय सांगणार? विसरलो म्हणालो."

"चौतीस वर्षांचं विसरलात? आणि त्यांनी ते मानलं?"

"मानलं. राग आला त्याला. येणारच."

"पप्पा, माझं नाव सांगायचं होतं!"

पप्पांनी हात सरळ केला, कापूस उचलून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"त्याची तुझ्यावर फार माया होती," ते म्हणाले. "मी उतरलो त्याच्या मनातून, तेवढं पुरे होतं."

मग त्यांनी चहा मागितला, कारण सकाळपासून ते उपाशी होते. मी आत गेले, गॅस पेटवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. अठराव्या वर्षी जे रडायचं राहिलं होतं तेही बहुतेक त्यात होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मला लाज वाटत होती ती नव्या शर्टाची.

सोमवारी डॉक्टर मॅडमनी वही उघडली. त्यांचा एखादा रकाना कोरा राहिला की त्यांना चैन पडत नाही. "ताई, खवचट. अर्थ राहिलाय."

मी म्हटलं, "तो शब्द राहू दे. त्याच्याखाली दुसरा घ्या. दुष्ट."

"हा येतो मला. सिरियलमध्ये असतो. वाक्य?"

"लिहा. मुलगी वडिलांशी दुष्टपणे वागली."

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. मग पेन तिसऱ्या रकान्यावर नेलं. "कोण कोणाला म्हणतं?"

"मुलगी स्वतःला म्हणते."

"कौतुकाने?"

"नाही."

"आणि वडील?"

"वडील म्हणत नाहीत," मी म्हटलं. "त्यांना विचारलं तर विसरलो म्हणतात."